बोलण्याचा मान

"मान माझा आहे," तुफुगा म्हणाला आणि त्यानं काठी जमिनीत आणखी घट्ट रोवली.

"तुमचाच आहे, काका. पण आज मला द्या," पंतप्रधान आसोवालू म्हणाला.

दोघं वाइमानू गावच्या मैदानात उन्हात उभे होते. गावचे आणखी सहा वक्ते शेजारी होते, पण ते 'आम्हाला नको' म्हणून केव्हाच मोकळे झाले होते. सामोआत जाहीर भाषण व्हायच्या आधी ते कुणी करायचं यावर असं भांडण होतं. गोड बोलून, एकमेकांच्या घराण्याचं कौतुक करत, पण भांडणच. बायाबापड्या कडेच्या घरांत चटयांवर बसून ते चवीनं ऐकत होत्या. रेडिओवाल्यानं माइक उभा करून ठेवला होता. दहाच्या बातम्या संपल्या की सरकारची घोषणा देशभर थेट जाणार होती.

घोषणा एवढीच होती, की वाइमानूचं अकरा खाटांचं हॉस्पिटल महिनाअखेर बंद होणार. दुसरं हॉस्पिटल बेटाच्या पार त्या टोकाला. ट्रकनं तीन तास, आणि नदीला पाणी असलं तर तेही नाही. गावाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. नवा डॉक्टर मिळणार की नवं यंत्र, यावर सकाळपासून वाद चालले होते.

आसोवालू याच गावचा. संसदेत त्याच्यापुढे कुणी टिकत नसे. गावात मात्र तो सगळ्यांत धाकटा वक्ता, आणि आज तेच त्याच्या पथ्यावर पडणार होतं. तुफुगानं चाळीस वर्षांत बोलण्याचा मान एकदाही सोडला नव्हता. आजही सोडणार नव्हता. थोडं भांडून आसोवालू हरणार होता, कागद म्हाताऱ्याच्या हातात देणार होता, आणि पुढचं काम गावची रीत करणार होती. निरोप ज्यानं सांगितला त्यानं त्या दिवशी त्याविरुद्ध तोंड उघडायचं नाही, अशी वाइमानूची रीत. तुफुगा गप्प म्हणजे गाव गप्प. त्याच्यामुळे बाकी सहा जणांना उत्तर द्यायची सवयच राहिली नव्हती.

तुफुगाची बायको सेलिना हिच्या पायाची जखम साखरेमुळे भरत नव्हती. एक दिवसाआड तिला त्याच हॉस्पिटलात मलमपट्टीला न्यावं लागे. म्हणजे म्हातारा तिचं हॉस्पिटल स्वतःच्या तोंडानं बंद करणार होता. आसोवालूला याचं वाईट वाटत होतं. अगदी मनापासून वाटत होतं. पण अशी आणखी चार हॉस्पिटलं यादीत होती, आणि पहिल्याच गावानं रेडिओवर तमाशा केला असता तर पुढचं सगळं अवघड झालं असतं.

"साहेब, पाच मिनिटं," त्याची सचिव लागी मागून कुजबुजली.

"काका, ऊन फार आहे. तुम्ही थकाल हो," आसोवालू म्हणाला.

"थकायला मी काय संसदेत बसतो?"

चटयांवर हशा पिकला. आसोवालूही हसला. हीच वेळ बरी, असं त्यानं ठरवलं.

"बरं, तुम्हीच बोला. तुमच्या वडिलांनी बोलावं आणि माझ्या वडिलांनी ऐकावं, हे चालतच आलंय. मी हट्ट सोडला."

तुफुगा त्याच्याकडे बघत राहिला. या माणसाला भांडायला त्यानंच शिकवलं होतं. एका फणसाच्या झाडावरून हा दोन दिवस हटला नव्हता, तेही झाड शेजाऱ्याचं असताना.

"एवढ्यात?" तुफुगानं विचारलं.

"वडीलधाऱ्यांपुढे किती ताणायचं?"

"आणि खिशात काय आहे?"

"निरोप. तुम्ही मान घेतलात की देतो. आधी मान, मग कागद. रीतच आहे ना."

"आहे खरी," तुफुगा म्हणाला.

त्यानं खांद्यावरची काथ्याची चवरी, बोलणाऱ्याच्या मानाची खूण, काढली. ती आसोवालूच्या खांद्यावर ठेवली, काठी त्याच्या हातात दिली आणि मागे सरकून तो गवतावर खाली बसला. म्हाताऱ्या बाया रडू लागल्या. चाळीस वर्षांत घडलं नव्हतं ते घडलं होतं, गावानं आपल्या मुलाला मोठं केलं होतं. कुणीतरी देवाचे आभारही मानले. लागीनं आसोवालूकडे पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. नको म्हणायची सोय नव्हती. दिलेली चवरी परत केली, तर घराण्याला गावात तोंड दाखवता आलं नसतं.

माइकवरचा दिवा लागला.

आसोवालूनं देवाला वंदन केलं. गावच्या एकेका मानकऱ्याचं नाव घेतलं. पूर्वजांची आठवण काढली. मग पुन्हा एकदा देवाला वंदन केलं. शेवटी कागद उघडून त्यानं हॉस्पिटल बंद होणार असल्याचं वाचलं, खर्चाचे आकडे वाचले, गावच्या सहकार्याबद्दल सरकारतर्फे आभार मानले. त्याचा आवाज चांगला होता. एक शब्दही अडखळला नाही. रडणाऱ्या बाया केव्हा थांबल्या ते कुणाच्या लक्षात आलं नाही. सेलिनानं पट्टी बांधलेला पाय चटईखाली ओढून घेतला.

वाचून झालं. बाकीचे सहा वक्ते जमिनीकडे बघत होते. लागीनं रेडिओवाल्याला घाईघाईनं हातानं खूण केली. तो बटणाकडे वाकला.

तुफुगा गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठला आणि माइकसमोर येऊन उभा राहिला.

"ते चालूच राहू दे, बाबा," तो म्हणाला. "निरोप यांनी सांगितलाय. माझं तोंड मोकळं आहे."