पहारा

वैद्यकीय कॉलेजात मानसोपचारशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. नश्वा दर गुरुवारी विद्यार्थ्यांना घेऊन नाइलकाठच्या गावांत रुग्ण बघायला जात. आज समोर नुकतीच बाळंत झालेली सबाह होती. शेजारी सासू, हज करून आलेली म्हणून हज्जा म्हणवणारी बद्रिया. मांडीवर नातू.

"झोप लागते का गं?"

"लागते की. चांगली घोरते," उत्तर सासूचं.

"बाळ कुणापाशी असतं?"

"माझ्यापाशी. आजी जिवंत आहे अजून!"

सबाहने मान खाली घातली. नश्वांच्या मनात पाल चुकचुकली. सुनेला बोलू द्यायचं नाही, लेकराला हात लावू द्यायचा नाही. अशा सासवा त्यांनी आयुष्यभर पाहिल्या होत्या.

"निम्मा आजार शेजारीच बसलाय," त्या विद्यार्थ्यांना हळूच म्हणाल्या. मग मोठ्याने, "हज्जा, जरा बाहेर थांबा. बाळ राहू दे इथेच."

"का म्हणून? उद्या पोरीला वेडी ठरवून घेऊन जाल!"

बरीच हुज्जत झाली. शेवटी नश्वांनी बाळ काढून घेतलं, सबाहच्या मांडीवर ठेवलं आणि सासूला बाहेर घालवून दार लावलं.

सबाहने बाळावरचे हात काढून घेतले.

"डॉक्टरीणबाई, आईंना आत बोलवा ना. बाळ माझ्यापाशी असलं की मनात भलतंच येतं. त्याला घेऊन मी कालव्यात उतरले होते. आईंनी ओढून बाहेर काढलं. घरात दुसऱ्या कुणालाच माहीत नाही."

नश्वांनी धावत जाऊन दार उघडलं. बद्रिया दाराला कान लावूनच उभी होती.

"रडलं का बाळ?" तिने विचारलं.