उलटी पेंढी

केवळाबाईनं शेवटची पेंढी गंजीत कोंबली आणि ती मागं सरली. आत, कडब्याच्या पोटात, चाँदभाई पिंजारी अंगाचं मुटकुळं करून बसला होता. गावातल्या निम्म्या गाद्या त्याच्याच हातच्या.

"खोकू नका बरं, चाँदभाई."

"माझ्यापायी तुमी मरताल, बाई."

"आता गप ऱ्हावा."

भादव्याचं ऊन उतरणीला लागलं होतं. निजामाचं राज्य नुकतंच बुडालं होतं. हिंदुस्थानचं लष्कर परभणीवरून पुढं गेलं आणि रझाकार पळाले. ज्यांनी जन्मात काठीसुद्धा उचलली नव्हती, ते गरीब मुसलमान तेवढे मागं राहिले. सकाळी शेजारच्या गावावर धूर दिसला. दुपारी चाँदभाईची कापसाची पिंजण कुणीतरी मोडून रस्त्यात टाकली. आता कुऱ्हाडी घेतलेली माणसं घरं धुंडाळत याच गल्लीनं येत होती.

केवळाबाई तशी भित्री. नवरा पूर्णा स्टेशनात गँगमन होता, तिथंच दोघांनी बाप्तिस्मा घेतला. तो गेल्यावर ती चुडाव्याजवळच्या या आपल्या गावी परतली आणि एका म्हशीवर दिवस काढू लागली. पाल चुकचुकली तरी येशूचं नाव घ्यायची. अशा बाईला पूर्ण्याहून येणाऱ्या पाळकीणबाईंनी शास्त्रातल्या राहाबेची गोष्ट सांगितली होती. राहाब म्हणजे गावाच्या तटावर राहणारी, सगळ्यांनी नावं ठेवलेली बाई. तिनं परक्या फौजेचे हेर घराच्या धाब्यावर काड्यांखाली लपवले आणि शोधायला आलेल्यांना भलतीच वाट दाखवली.

"तिला भ्या न्हाई वाटलं?" केवळाबाईनं विचारलं होतं.

"वाटलं की! काळजाचं पाणी झालं होतं तिच्या. भीती घेऊनच ती दारात उभी राहिली."

पण राहाब भोळी नव्हती. हेरांना सोडताना तिनं त्यांच्याकडून शपथ घेतली. उद्या फौज घेऊन याल, तेव्हा माझ्या घरात जो असेल त्याला हात लावायचा नाही. खूण म्हणून तिनं खिडकीला तांबडी दोरी बांधली. पुढं सारं गाव पडलं, तेवढं घर राहिलं.

गेल्या वैशाखात केवळाबाईवर तशीच पाळी आली. रझाकारांनी गावातल्या भुजंगाच्या थोरल्या भावाला मारलं आणि मग ते भुजंगाच्या मागं लागले. तिनं त्याला याच गंजीत घातलं. रझाकार आले, भाल्यानं इकडंतिकडं कडबा टोचला, म्हशीला शिव्या दिल्या आणि गेले. दिवेलागणीला भुजंग सरहद्दीपलीकडं, निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या कॅम्पात निघून गेला. भावाच्या तेराव्यालाही त्याला येता आलं नाही. त्याच्याकडून शपथबिपथ काही घेतली नाही. बोलायला केवळाबाईच्या तोंडात थुंकी तरी उरली होती का? आपली राहाब एकदाची होऊन झाली, असं म्हणून ती सुटली. देव काही दर महिन्याला परीक्षा घेणारा मास्तर नाही, असं तिला वाटलं होतं.

कवाड धाडकन उघडलं. पाचसहा जण होते. पुढं भुजंग होता.

तो कॅम्पातून परतल्याचं तिला ठाऊकच नव्हतं. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले, हातात कुऱ्हाड. ही गंजी आतून पोकळ आहे, हे गावात फक्त त्यालाच माहीत होतं.

"केवळामावशी, चाँद्या पिंजारी इकडं आलाय का?"

"न्हाई बा." तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

"तुमी हितंच थांबा रं," तो बाकीच्यांना म्हणाला आणि एकटाच घरामागं गंजीकडं वळला. केवळाबाई धडपडत त्याच्या मागं गेली.

भुजंग गंजीकडं बघत उभा होता. तिनंही बघितलं. सगळ्या पेंढ्यांचे बुडखे, म्हणजे ताटांची जाड कापलेली टोकं, बाहेर होते, शेंडे आत. कडबा तसाच रचतात, म्हणजे पाऊस आत मुरत नाही. एकाच पेंढीचा शेंडा बाहेर लोंबत होता. घाबऱ्या हातांनी तिनं ती उलटी लावली होती. शेतकऱ्याच्या पोराला आणखी काय सांगायला हवं?

देवा, शपथ घ्यायची राहूनच गेली रे.

भुजंगानं ती पेंढी उपसली. आत चाँदभाईची पांढरी दाढी दिसली. केवळाबाईला ओरडायचं होतं, भुजंगाचे पाय धरायचे होते. यातलं काहीच जमलं नाही. ती नुसती मध्ये घुसली आणि त्या भोकाला पाठ लावून उभी राहिली.

"सरा, मावशी," भुजंग हळूच म्हणाला.

"न्हाई सरायची."

त्यानं तिचा दंड धरून तिला बाजूला केलं. केवळाबाईनं डोळे गच्च मिटले. कडबा सळसळला. आता किंकाळी येईल म्हणून ती थांबली. किंकाळी आली नाही.

"गावला का रं?" कवाडातून कुणीतरी ओरडलं.

"न्हाई. म्हशीचा कडबा हाय नुसता."

तिनं डोळे उघडले. पेंढी जागेवर होती, बुडखे बाहेर, चांगली ठोकून बसवलेली. भुजंगानं कुऱ्हाड खांद्यावर टाकली. जाताजाता तो तिच्यापाशी थांबला. मान वर न करताच बोलला.

"शेंडा आत घालत जा, मावशी. मागंबी तुमी उलटीच लावली व्हती. सारा वखत बुडखे तोंडाला टोचायलते मला."