चौथा रकाना

"अकरा बेचाळीस ते अकरा पंचेचाळीस. तेवढ्याच ओळी काढ," मॅनेजर म्हणाले.

बद्रीनाथनं मान हलवली, पण हात कीबोर्डवर ठेवला नाही.

वाळूजच्या त्या कारखान्यात पत्रा ठोकणारी प्रत्येक प्रेस दर ठोक्याला एका टेक्स्ट फाइलीत एक ओळ लिहायची. आधी वेळ, मग प्रेसचा नंबर, मग ठोक्यांचा आकडा. चौथ्या रकान्यात प्रेसचा सुरक्षा-गार्ड चालू असेल तर एक, बंद असेल तर शून्य. गार्ड चालू असला की हात आत गेल्याबरोबर प्रेस जागीच थांबायची. फाइलीतून आकडे काढणारा प्रोग्राम बद्रीनाथनंच लिहिला होता. त्याच्या गावात, देवगाव रंगारीत, सगळे त्याला इंजिनिअर म्हणत. कारखान्यात तो कंत्राटी होता.

बारा दिवसांपूर्वी सकाळी पावणेबाराला सात नंबरच्या प्रेसमध्ये भिकनच्या उजव्या हाताची चार बोटं गेली होती. आज चार वाजता सरकारी इन्स्पेक्टर चौकशीला येणार होते.

"साहेब, मी सगळी फाइल बघितली," बद्रीनाथ म्हणाला. "गार्ड त्या तीन मिनिटांपुरताच बंद नव्हता. दिवाळीपासून बंद आहे. तिन्ही शिफ्टला. प्रेसवर कोणीही असो, शून्यच आहे."

मॅनेजर चिडले नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली आणि त्याच्या शेजारी बसले.

"ही फाइल रोज कोण वाचतं?"

"प्रोग्राम वाचतो."

"आणि प्रोग्राम कोण चालवतं?"

बद्रीनाथनं कीबोर्ड थोडा मागं सरकवला.

"चार महिने रोज सकाळी तू मला ठोक्यांचा आकडा काढून दिलास. त्याच ओळीत, त्याच्या शेजारी, शून्य होतं. मला त्या फाइलीतलं काही कळत नाही. तुला कळतं. मग तेव्हाच का सांगितलं नाही, हे इन्स्पेक्टर कोणाला विचारतील?"

बद्रीनाथला दिवाळीनंतरची एक सकाळ आठवली. शून्यांची रांग त्यानं तेव्हा पाहिली होती. सेन्सर बिघडला असेल, मेंटेनन्सवाले बघतील, असं म्हणून तो पुढच्या कामाला लागला होता. त्याच्याकडं कोणी चौथा रकाना मागितलाच नव्हता.

"एक आकडासुद्धा बदलू नकोस," मॅनेजर म्हणाले. "मी खोटं करायला सांगत नाही. फक्त तीन मिनिटं दे."

त्यानं दोन्ही वेळा टाइप केल्या. प्रिंटरमधून एक कागद आला. एकोणचाळीस ओळी, सगळ्या खऱ्या. कोणी तो वाचला असता तर भिकननं त्या दिवशी गार्ड बंद करून प्रेस चालवली, एवढंच त्याला कळलं असतं.

"खाली सही कर. बाहेर भिकन आलाय, त्याचीही घेऊन ये."

बद्रीनाथ सही करून कागद घेऊन बाहेर आला. टाइम ऑफिससमोरच्या बाकावर भिकन आणि त्याची बायको बानाबाई बसली होती. सकाळच्या एसटीनं दोघं सिल्लोडकडून आली होती. भिकनचा हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्टीत होता. बानाबाईच्या मांडीवर घाटी दवाखान्याचे कागद होते.

भिकन सातवीपर्यंत शिकलेला. त्यानं डाव्या हातात कागद धरला आणि ओठ हलवत आकडे वाचले.

"हे शेवटी शून्य काय हाये, बद्रीभाऊ?"

"गार्ड बंद होता, त्याचं."

"बंदच ऱ्हातोय की तो. मी कामावर येतो तव्हाच बंद असतोय. त्याची किल्ली आमच्याजवळ नसती. ते कुठं लिहिलंय ह्यात?"

"एवढंच काढायला सांगितलं."

बानाबाई इतका वेळ खाली बघत होती. तिनं मान वर केली.

"मंग आधीचं बी काढा की, दादा. हाये ना तुमच्यापाशी?"

"आहे."

"मंग कोण काढीत असतंय ते?"

"मीच," बद्रीनाथ म्हणाला.

ती त्याच्याकडं बघत राहिली. ती शिव्या देईल असं बद्रीनाथला वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बोलला तो भिकन.

"जाऊ दे गं. त्येंची बी नौकरी हाये." मग आवाज खाली आणून त्यानं विचारलं, "सायेब म्हनले, कागद झाला की मला गेटवर ठिवून घेतो. खरं व्हय?"

"म्हणालेत तसं."

"तुमी नका देऊ सही," बानाबाई म्हणाली. "लई झालं. गावाकडं चला."

"गावाकडं जाऊन काय करू? मेंढरं आडवायला, पालं उचलायला दोन हात लागत्यात. गेटवर एक पुरतोय."

तिनं पदर तोंडाला लावला.

रस्त्याकडून इन्स्पेक्टरांच्या जीपचा आवाज आला. वॉचमन गेट उघडायला धावला. मॅनेजर दारात येऊन उभे राहिले होते.

बद्रीनाथनं खिशातला पेन काढून पुढं केला. भिकननं पेनकडं पाहिलं, मग पट्टीकडं.

"सही येतीया मला," तो ओशाळून म्हणाला. "पन आता जमायची नाय."

बद्रीनाथनं टाइम ऑफिसातून शाईचं पॅड आणलं. भिकननं डावा अंगठा त्यावर टेकवला आणि कागदाकडं नेला. ठसा अर्धाच उमटला, पुसटसा.

"नीट नाय आला," भिकन म्हणाला. "दाबा जरा, बद्रीभाऊ."

बद्रीनाथनं त्याचा अंगठा धरला आणि कागदावर दाबला.