पिठातली रेघ

मुलांनो, पैनगंगेच्या काठानं जाणारी खडीची वाट मनात आणा बरं. त्याच वाटेवर भाग्यलक्ष्मीचे बाबा सायकलवरून कोसळले आणि गेले. जीव कोणत्या रूपानं गेला ते ठशावरून कळावं, म्हणून विमलआत्यानं संध्याकाळी तिथं पीठ पसरलं. सकाळी आत्या पोचली, तेव्हा शहरातून हौसेनं आलेला एक सायकलस्वार नुकताच त्यावरून गेला होता.

मागून धावत आलेल्या भाग्यलक्ष्मीनं पिठातली चाकाची रेघ पाहिली.

"आत्या, बाबा सायकलवरच गेले न?"

आत्या लांब उडणाऱ्या धुळीकडे पाहत राहिली. "हो माय, सायकलवरच."

"पण त्यायच्या मागच्या चाकात हवा नाई राहत!"

भाग्यलक्ष्मी घरी पळाली, हवा भरायचा पंप घेऊन आली आणि रेघ संपत होती तिथं तिनं तो ठेवला.