मधली जागा

चिखलीच्या नव्या घरातल्या भिंतीसाठी मला एक चित्र करायचं होतं. आमच्या दोघांचे फोटो, कीर्तनाच्या मंडपातले, वास्तुशांतीचे, लग्नातले, मी टॅबवर फिकट करून एकावर एक रचत होते. चेहरे विरघळावेत आणि नुसते रंग उरावेत. बुवांचा अभंग रंगला की शब्द विरून नुसता टाळ उरतो ना, तसं.

रंग छान मिसळले. पण मधोमध एक पांढरी जागा काही केल्या भरेना. बाईमाणसाएवढी.

म्हणून मी एकेक फोटो परत उघडून पाहिला. प्रत्येकात आम्ही मधे एक माणूस मावेल एवढं अंतर सोडून उभे होतो. लग्नातसुद्धा, अंतरपाट दूर झाल्यावरही.

दिगंबर नुकतेच चाकणहून पहिली शिफ्ट करून आले होते. मी त्यांना सोफ्यावर शेजारी बसवून दाखवलं. "अहो, दर फोटोच्या आधी आपण भांडत होतो का हो?"

"माझं पोट सुटलंय, त्याला जागा नको?" ते हसले.

मीही हसले आणि ती जागा केशरी रंगाने भरायला लागले. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"तिला नको."

"तिला? मोकळ्या जागेला कुणी 'तिला' म्हणतं का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. आमच्या दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेकडे मान वळवून, उभ्या संसारात माझ्यासाठी कधी न काढलेल्या मऊ आवाजात ते म्हणाले, "घाबरू नकोस गं. ती काही करणार नाही."