जहाज कोण चालवतं

ज्ञानेशला अकरा वाजता ऑपरेशनला नेणार होते. तळेगावातल्या त्या दवाखान्यात दुसऱ्या मजल्यावर खिडकीजवळचा पलंग त्याचा होता. त्याच्या जिभेला गाठ होती. अर्धी जीभ काढावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. जेवता येईल. बोलताही येईल, पण आत्ताएवढं स्पष्ट नाही. घरच्यांना सवयीनं कळेल.

त्याची बायको शालन खाली औषधांच्या रांगेत उभी होती. वर त्याच्याजवळ धाकटी बहीण तनुजा होती. हिंजवडीच्या ऑफिसात सुट्टी टाकून ती सकाळीच आली होती. अजून पाऊण तास होता.

"तुला एक दाखवायचंय," तनुजा म्हणाली आणि तिनं मोबाइल त्याच्यापुढे धरला.

त्यांच्या लहानपणी दर रविवारी सकाळी टीव्हीवर लागायचं ते कार्टून होतं. उडतं जहाज, टोपीवालं माकड त्याचा कप्तान आणि एक जाडा बोका कायम त्यांच्या मागावर. परवा ऑफिसात डबा खाताना जुन्या कार्टूनचा विषय निघाला होता. निमिष नावाच्या सहकाऱ्यानं इंटरनेटवरून यातले काही भाग शोधून सगळ्यांना पाठवले होते.

ज्ञानेश हसला. हसताना त्याला दुखलं.

"कप्तान," तो म्हणाला. "दौलतरावांच्या पडवीत बसून बघायचो आमी. निम्मं गाव असायचं."

त्या निम्म्या गावात तनुजा कधीच नव्हती. आई रविवारीही दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची आणि घरी म्हशीपाशी कुणालातरी थांबावं लागायचं. थांबायची ती तनुजा. कार्टून संपलं की ज्ञानेश पळत यायचा आणि गोठ्यात उभा राहून अख्खा भाग तिला करून दाखवायचा. माकडाचा आवाज, बोक्याचा आवाज, वारा, जहाजाचा भोंगा, सगळं तोच. टीव्हीवरचं हिंदी त्याला अर्धंच कळायचं, पण गोष्ट कुठं अडायची नाही.

मोबाइलवरचा भाग संपला.

"अकरा भाग मिळालेत. सगळे बघितले मी," तनुजा म्हणाली. "दादा, झिपरी कितव्या भागात येते?"

"कोण?"

"झिपरी. खाली इंजिनपाशी असते ती. निमिष म्हणतो, अशी कुणी नव्हतीच. मी म्हटलं, तू विसरला असशील. भांडले मी त्याच्याशी."

ज्ञानेशनं मोबाइल उशीशेजारी ठेवला.

"न्हाईच ती त्यात."

तनुजानं स्टूल पलंगाजवळ ओढलं.

"तू इचारायचीस," तो एकेक शब्द थांबत म्हणाला. "माकड वर, बोका मागं, मंग जहाज कोण चालवतंय? दर वेळी तेच. टीव्हीवर तर कोण दाखवायचेच न्हाईत. मंग घातली मी एक पोरगी."

"आणि मग?"

"मंग काय. तुला तीच लागायची. तिच्याबिगर ऐकायची न्हाईस."

खाली रस्त्यावर नव्या गाड्या लादलेला लांबलचक ट्रेलर वळत होता. तो पुरता वळेपर्यंत तनुजा खिडकीतून बघत राहिली.

"एक सांग ना," मग ती म्हणाली. "आत्ता."

"येडी का तू. चाळिशी आली तुझी."

"सांग."

तिनं मोबाइल उचलून रेकॉर्डिंग सुरू केलं. ते बघून ज्ञानेश सावरून बसला, घसा साफ केला आणि सरकारी माणसापुढं बोलावं तसं आपलं पूर्ण नाव सांगू लागला. मध्येच थांबला.

"बंद कर ते. नुसतं ऐक."

तिनं बंद केलं.

तो सांगायला लागला. तोंडातली जागा दुखली की थांबायचा, पाण्याचा घोट घ्यायचा, पुन्हा सांगायचा. बोक्यानं रात्रीतून जहाजाचा दोर कापला होता. जहाज एका बाजूला कललं होतं. खाली झिपरीनं दोन्ही हातांनी चाक धरून ठेवलं होतं आणि वरून कप्तान ओरडत होता, वर ये, वर ये. ती म्हणत होती, मी वर आले तर हे कोण धरंल?

शेजारच्या पलंगावर मावळातले कोंडीराम होते. मांडीचं हाड मोडलेलं. तीन दिवस ते भिंतीकडे मान वळवून पडून होते, मुलाशीही बोलत नव्हते. त्यांनी मान इकडे वळवली.

शालन औषधांची पिशवी घेऊन वर आली. तिच्या मागोमाग ट्रॉली घेऊन नर्स आली.

"चला, भाऊ."

"दोन मिनटं," ज्ञानेश म्हणाला.

"डॉक्टर थांबलेत."

तो ट्रॉलीवर आडवा झाला. ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत एकालाच जाता येणार होतं, म्हणून शालन गेली. ट्रॉली हलली तरी तो सांगतच होता. जहाज ढगांतून खाली निघालं होतं. वॉर्डाच्या दारापर्यंत त्यानं तोंडानं काढलेला वाऱ्याचा आवाज ऐकू येत होता. मग ते दार बंद झालं.

तनुजानं त्याचा शर्ट उचलला आणि घडी घालायला घेतली.

"मंग?" कोंडीराम म्हणाले. "ती पोरगी आली का वर?"

तनुजाला माहीत नव्हतं. हा भाग त्यानं तिला पूर्वी कधी सांगितला नव्हता.

"आली," ती म्हणाली.

कोंडीरामांनी मान हलवली.

"लगीच कशी यील?" ते म्हणाले. "जहाज अजून पडतंय. नीट सांग, पोरी."