पिठाच्या कॅप्सूल

"साडेचार किलो उतरलं!" काट्यावरून खाली येत बसचालक म्हणाला. "बायको म्हणते, पट्ट्याला नवीन भोकं पाडून घ्या."

प्रयोग चालवणाऱ्या बाई हसल्या. वजन करायचा हा शेवटचा माणूस होता. ऐंशी माणसं, सहा महिने. समुद्रातलं खाण्याचं तपकिरी शेवाळ पोटात गेलं की अंगातली चरबी जळते, हे उंदरांनी त्यांना बारा वर्षांपूर्वीच पटवून दिलं होतं. आता माणसांनी पटवायचं बाकी होतं.

पद्धत ठरलेली होती. चाळीस जणांना शेवाळाच्या भुकटीच्या कॅप्सूल द्यायच्या आणि चाळीस जणांना दिसायला हुबेहूब तशाच, पण आत नुसतं मक्याचं पीठ भरलेल्या. कुणाला काय मिळतंय हे ना घेणाऱ्याला ठाऊक, ना बाईंना. ठाऊक होतं ते फक्त औषधविभागातल्या काकांना. कॅप्सूल भरणारे तेच, यादी कुलपात ठेवणारेही तेच. माणूस मोठा मायाळू. कुणाला जिना चढवत नाही, कुणाचं यकृत सुजलंय, त्यांना सगळं तोंडपाठ. मध्येच एकदा भुकटी संपली तेव्हा ते ओशाळून म्हणाले, "अंदाज चुकला माझा, मॅडम. अजून मागवा." बाईंनी मागवली आणि कामाच्या रगाड्यात विसरूनही गेल्या.

घरी थोरली बहीण निकालाकडे डोळे लावून बसली होती. तिच्या यकृतात चरबी साठली होती. आई याच दुखण्याने गेली होती. सख्खी बहीण म्हणून तिला प्रयोगात घेता आलं नव्हतं.

"त्या कॅप्सूलची एक बाटली आण की गं गुपचूप. कोण बघतंय?"

"पुरावा हातात आला की पहिली बाटली तुझी, ताई. तोवर नाही."

"तू शाळेतही अशीच होतीस. पेपरात बघू द्यायची नाहीस."

काकांनी यादी दिली तेव्हा बाईंनी दोन्ही गटांचे आकडे शेजारी शेजारी मांडले. शेवाळवाल्यांचं वजन सरासरी चार किलो घटलं होतं. पीठवाल्यांचंही चारच किलो. कमरेचा घेर, रक्तातली चरबी, सगळं दोन्हीकडे सारखंच घटलेलं. बाईंनी तीन वेळा हिशेब तपासला आणि चष्मा काढून ठेवला. औषध चालू आहे एवढ्या भरवशावर माणसं जेवण आवरतात, चालायला लागतात, हे त्या स्वतःच विद्यार्थ्यांना शिकवायच्या. पिठाने जे होतं त्याला शेवाळ कशाला हवं? उपयोग दिसत नाही, असं त्यांनी अहवालात लिहून टाकलं. संस्थेने प्रयोगशाळा बंद केली.

"रडतेस काय वेड्यासारखी?" उलट ताईच त्यांची समजूत घालत राहिली. "तू जिवाचं रान केलंस."

वर्षभरात ताई गेली.

चौथ्या दिवशी काका भेटायला आले. नुकतेच निवृत्त झाले होते. घर अगदी सुनं झालं होतं.

"एक समाधान आहे, काका," बाई शेवटी म्हणाल्या. "ताईला बाटली दिली नाही, पण त्यात काही नव्हतंच. तिचं काही हिरावलं नाही मी. जीव तुटतो तो त्या चाळीस जणांसाठी. बिचारे आशेने यायचे आणि आपण त्यांना पीठ खाऊ घातलं."

काका लगबगीने पुढे सरकले. त्यांना बाईंचं दुःख बघवेना. त्यांनी बाईंचा हात हातात घेतला.

"ते मनाला लावून घेऊ नका, मॅडम. आजारी माणसाच्या हातावर पीठ ठेवायला मन धजेना माझं. कागदावर राहू दिले दोन गट, पण शेवाळ मी ऐंशीच्या ऐंशी जणांना दिलं."